गोदाक्काचा गाळा

पाटी खरवडायला घेतली तेव्हा वाटलं होतं, एक थर निघेल आणि पत्रा लागेल. निळा रंग निघाला तर खाली हिरवा लागला, आणि हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत 'न्यू गणेश स्वीट मार्ट' दिसायला लागलं. मी शिडीवरूनच मागं वळून समोर बघितलं. समोर शंकर काशीदचं कटिंगचं दुकान होतं. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो दारात उभा राहून माझी गंमत बघत होता.

"इथं मिठाईचं दुकान होतं काय हो?"

"हुतं की."

"मग?"

"बंद झालं."

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. आई म्हणायची, ह्याला वाढलेलं ताट द्या, हा आधी विचारेल की भांडी कुणाच्या लग्नातली. मी खाली उतरायचं सोडून आणखी खरवडत बसलो. मिठाईच्या खाली 'बाळराजे ड्रेसेस' निघालं. त्याच्याही खाली, अगदी पत्र्याला चिकटून, 'सौभाग्य साडी सेंटर'.

"शंकरराव, ही तीन दुकानं झाली. चालायची का बरी?"

"उद्घाटनाला गर्दी असायची," शंकर म्हणाला.

"आणि नंतर?"

त्यानं थोडा विचार केला. "जागा चांगली हाय बगा. उजेड हाय, नळाला पाणी हाय. मालकीण तर सोन्यासारखी." एवढं बोलून तो आत गेला आणि रिकाम्या खुर्चीवर उगाच फडकं मारू लागला.

मी तिथं लग्नपत्रिकांचं दुकान काढणार होतो. इचलकरंजीत एका प्रेसमध्ये चार वर्षं काढली होती, स्क्रीन प्रिंटिंग हातात बसलं होतं. सोनेरी शाईचा गणपती, उठावदार अक्षरं, पाकिटावर मोर. हे काम त्या वेळी लहान गावांत नवं होतं. सांगली जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावात लोक अजून शिशाच्या खिळ्यांच्या छपाईची गुलाबी पत्रिका वाटत होते. म्हटलं, इथं आपलं नशीब आहे. गावाचं नाव मात्र सांगत नाही, गोदाक्काला मानणारी माणसं अजून तिथं राहतात.

घाई मला दुसऱ्याच कारणानं होती. माझी बायको शालन सहा महिने माहेरी होती, आमच्या तान्ह्या मुलीला घेऊन. प्रेसचा मालक वारला, प्रेस विकली गेली, मी घरी बसलो. तेव्हा सासरे येऊन दोघींना घेऊन गेले. वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "दुकान निघालं की कळवा, पोचवायला मी स्वतः येतो." त्या बोलण्यात 'निघालं तर' हे न बोलताही ऐकू आलं होतं. दसऱ्याला उद्घाटन ठरवून मी त्यांना कळवून टाकलं, आणि मग जागा शोधायला निघालो. घोडं मागं आणि गाडी पुढं, असा सगळा कारभार.

गोदाक्काचा गाळा पहिल्याच दिवशी मिळाला. हमरस्त्यावर, आणि भाडं बाजारपेठेच्या निम्मं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मी एवढं स्वस्त का, हे सोडून बाकी सगळं विचारलं.

गोदाक्का गाळ्याच्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. साठीच्या पुढची, उंच, काळीसावळी, आवाज मऊ. तिच्या दारात दोन मोठे रांजण होते आणि फळीवर पितळेचे पेले उपडे घातलेले. एकट्या बाईकडे एवढे पेले कशाला, हे मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं. मोजायला गेलो असतो तर तिनं मला हाकलून दिलं असतं, म्हणून मोजले नाहीत. पण एखादी पंगत उठेल इतके होते.

"अक्का, पाहुणे फार येतात वाटतं?"

"येत्यात की."

"कुठले?"

"गावातलेच," ती म्हणाली आणि पेले चिंचेनं घासत राहिली.

गावाचा तिच्यावर जीव होता, हेही मला कोडंच होतं. भाजीवाली तिच्या पिशवीत न मागता मेथीची जुडी टाकायची. पिठाच्या गिरणीत तिचा डबा रांगेत कधी थांबायचा नाही. पोस्टमन सायकलवरून उतरून विचारायचा, "अक्का, बरं हाय न्हवं?" आणि हिला तर महिनोन् महिने पत्र येत नसे.

गाळ्याच्या पुढं एक काळा दगड होता, लांबरुंद, पायरीसारखा, पण पायरीच्या मानानं जरा जास्तच मोठा. त्याच्या फटींत गुलाल बसलेला होता आणि चिमण्या रोज तिथं काहीतरी टिपत असायच्या. वाकून बघितलं तर चुरमुरे. मी मनातल्या मनात खूश झालो. गुलाल आणि चुरमुरे म्हणजे वराती, मिरवणुका. आणि दारावरून वरात जाणारं पत्रिकांचं दुकान! शंकरला विचारलं, "मिरवणुका इथूनच जातात काय?"

"माणसं लई जात्यात हितनं," तो म्हणाला.

बाळराजे ड्रेसेसचा मालक आता बाजारात हातगाडीवर टोपडी-झबली विकतो, असं गिरणीत कळलं. त्याला गाठलं. गंगाधर सुतार नाव. दुकान का सोडलं विचारलं तर म्हणाला, "तब्येतीला मानवलं न्हाई."

"हवा खराब आहे का तिथली?"

"हवा झकास हाय." त्यानं गाडीखालच्या पिशवीतून एक कोरं लुगडं काढलं, कागदात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "अक्काला द्या. गंगाधरनं दिलं म्हणावं. ह्या वर्षी जायला जमलं न्हाई."

दुकान बुडालेला माणूस जागेच्या मालकिणीला लुगडं पाठवतो, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मला राग यायला हवा होता की भीती वाटायला हवी होती, तेही कळेना. पण दसरा आठवड्यावर आला होता. छपाईच्या फ्रेमांवर जाळी ताणायची होती, नमुन्यांचे अल्बम लावायचे होते, पत्रिका वाळवायला दोऱ्या बांधायच्या होत्या. मी कामाला लागलो. पाटी रंगवली, 'शुभमंगल पत्रिका'. पिवळ्यावर लाल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शालन आली. एसटीतून उतरताना तिच्या एका हातात मुलगी आणि दुसऱ्यात पिशवी, मागं अण्णा, म्हणजे सासरे, पत्र्याची पेटी घेऊन. मुलीनं मला ओळखलं नाही. ती रडली. मला फार वाईट वाटलं आणि मी ते दाखवलं नाही.

बिऱ्हाड गाळ्यातच पडद्याआड लावलं आणि सकाळी पूजा मांडली. झेंडूचं तोरण, आपट्याची पानं, फ्रेमांना हळदकुंकू. गोदाक्का सकाळपासून दिसली नव्हती. शंकरनं दुकान उघडून लगेच शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेही माझ्या लक्षात आलं, पण सणाचा दिवस म्हणून असेल असं वाटलं. अण्णांना नारळ फोडायचा मान दिला. त्यांनी नारळ हातात घेतला आणि लांबून टाळांचा आवाज आला.

"दिंडी दिसतेय," मी म्हणालो. "शकुन बघा, अण्णा."

अण्णा कौतुकानं रस्त्याकडे वळले. वळणावरून आधी टाळकरी आले, मग एक तरुण, ओल्या कपड्यांत, हातात दोरीला बांधलेलं गाडगं घेऊन. त्याच्यामागं तिरडी.

टाळ आमच्या दारात येऊन थांबले. चौघांनी तिरडी खांद्यावरून उतरवली आणि माझ्या पायरीवर, त्या काळ्या दगडावर ठेवली. गुलाल, चुरमुरे, सगळं डोळ्यांसमोर होतं. पुढचे खांदेकरी मागं झाले, मागचे पुढं आले. माझ्या नव्या पाटीखाली गावाचा विसावा होता. घरापासून मसणवटीपर्यंत प्रेत जिथं एकदाच खाली ठेवतात, ती जागा. पिढ्यान् पिढ्या तिथंच होती. त्या दारात पेढे कोण घेईल, बाळाचं झबलं कोण घेईल आणि लग्नाची पत्रिका कोण छापेल?

अण्णा हातात नारळ धरून तसेच उभे होते.

तेवढ्यात बाजूच्या बोळातून गोदाक्का आली. कडेवर कळशी, दुसऱ्या हातात पेल्यांची चळत. एकेकाच्या हातात पेला द्यायचा, पाणी ओतायचं, पेला परत घ्यायचा. ऊन तापलेलं होतं, माणसं लांबून चालत आलेली. सगळी घटाघटा पाणी पीत होती. पण कळशी एक आणि माणसं शंभरावर. म्हातारी घामाघूम झाली होती.

शालननं मुलीला अण्णांच्या हातात दिलं. "धरा हिला," म्हणाली, आणि पूजेला भरून ठेवलेली आमची घागर उचलून पायरी उतरली.

मी तिला हाक मारणार होतो. काय म्हणून मारणार, ते न कळल्यामुळं मारली नाही. ती गोदाक्काच्या मागं उभी राहिली, तिच्या हातातले निम्मे पेले घेतले आणि दुसऱ्या बाजूनं पाणी द्यायला लागली. गाडग्यावाल्या तरुणापाशी आली तेव्हा त्यानं मान हलवली. त्याला प्यायचं नव्हतं. तिनं त्याच्या पायांवर पाणी ओतलं. पाय भाजत असावेत, तो तसाच डोळे मिटून क्षणभर उभा राहिला. मग टाळ वाजले आणि सगळे पुढं गेले.

अण्णांनी नारळ देवापुढं ठेवून दिला. "शालन, पेटी उचल," ते म्हणाले. "दुपारची गाडी आहे."

मी सरळ मागं गेलो. गोदाक्का पेले विसळत होती.

"अक्का, तुम्ही मला फसवलंत."

"व्हय," ती म्हणाली. मान वर केली नाही. "फसवलं. भाड्यावर माझं पोट हाय. सांगितलं असतं तर तू आला असतास?"

मी म्हटलं, "गावातल्या एकानंही सांगितलं नाही."

"ती माणसं चांगली हायत. माझ्यापायी खोटं बोलत्यात." तिनं पेला उपडा घातला. "माझ्या मालकांना आणलं तवा उन्हाळा हुता. माझं पोरगं गाडगं धरून पुढं, पाच वर्साचं. ह्या दगडापाशी आलं आन् म्हणालं, मला पानी. समोर घरं हुती, दारं उघडी हुती. आमाला बगून लावून घेतली. मयताच्या वाटंवर कोण पानी देतंय? पुढं हे घर कुणी घ्यायला तयार न्हवतं, मातीच्या मोलानं मिळालं. मी घेतलं. आता हितं कुणी तहानलेलं जात न्हाई." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझं पैसं तसंच ठेवल्यात. न्यायचं तर ने."

मला तिचा राग येत होता आणि येतही नव्हता. ज्या गावात प्रत्येक घरातलं माणूस त्या दगडावर टेकून गेलं होतं आणि प्रत्येक घर हिच्या हातचं पाणी प्यालं होतं, ते गाव माझी बाजू कशाला घेईल? गंगाधर सुतारानं लुगडं का पाठवलं, तेही कळलं. त्याचं कुणीतरी गेलं असणार.

पुढं येऊन बघतो तर शालन पेटीवर बसली होती. पेटी जागची हललेली नव्हती. मुलगी अण्णांच्या मांडीवर झोपली होती, त्यामुळं अण्णांना उठता येत नव्हतं.

"ह्या दारात शुभ कार्य व्हायचं नाही, पोरी," अण्णा हळू आवाजात सांगत होते. "जावईबापू कष्टाळू आहेत, मी नाही म्हणत नाही. पण इथं लग्नाची पत्रिका घ्यायला कोण येईल?"

"येईल कुणीतरी," शालन म्हणाली.

"कोण?"

"ते मला काय माहीत? पण लोक मरतात म्हणून लग्नं करायची थांबत नाहीत ना?"

अण्णांनी मांडीवरच्या नातीला सारखं केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतो. लग्नसराईचं काम त्याच्या आधीच येतं. तोवर एक पत्रिका छापलीत तर मी काही बोलणार नाही. नाहीतर दोघींना न्यायला येईन, आणि मग तुम्ही अडवू नका."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होतो? नारळ शेवटी मीच फोडला.

त्यानंतरचे दिवस सगळे सारखेच गेले. दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची, अल्बम पुसायचे आणि बसायचं. लोक समोरून जायचे, अक्काची चौकशी करायचे, शालनला ओळखीचं हसायचे, आणि पाटीकडे बघितलं की चालायला लागायचे. एक बाई भावी विहिणीला घेऊन आली, नमुने बघितले, मोराचं पाकीट आवडलं. तेवढ्यात विहिणीला कुणीतरी बाहेरून काहीतरी सांगितलं. दोघी पिशवी विसरून गेल्या. शालननं पिशवी त्यांच्या घरी पोचवली. दिवाळी आली आणि गेली.

मधे तीन-चारदा टाळांचा आवाज आला. शालन आता कळशी घेऊन अक्काच्या आधी बाहेर पडायची. मी सुरुवातीला आत बसून राहायचो. मग एकदा पेले धरायला गेलो. एक म्हातारा पाणी पिऊन म्हणाला, "नवा भाडेकरू काय? राहशील न्हवं?" मी म्हटलं, बघतो. तो आपल्याच बायकोला पोचवायला निघालेला होता, आणि मला धीर देत होता.

तुळशीचं लग्न जवळ आलं. ऊस विकायला आले. शालननं दोरीवरचे मुलीचे कपडे काढून घडी घालून ठेवायला सुरुवात केली. मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. विचारायची खोड असलेल्या माणसाला तेवढं एक विचारता आलं नाही.

त्याच आठवड्यात एक तरुण पायरीपाशी येऊन थांबला. डोक्यावर केस नुकते फुटलेले. मी ओळखलं नाही, शालननं ओळखलं. दसऱ्याचा गाडग्यावाला. शेट्यांचा भगवान. तो दगडावर पाय न देता कडेनं वर आला.

"पत्रिका छापायच्या हुत्या," तो म्हणाला.

माझा विश्वास बसेना. "कुणाच्या?"

"बहिणीच्या. रेखाच्या. नानांनीच जमवलं हुतं, पोराला टिळा पन लावून गेले. आता वर्षाच्या आत उरकायला पायजे. न्हाईतर तीन वर्षं थांबायचं, आन् पोराकडचे काय थांबत न्हाईत." तो अल्बम उघडत होता, पण त्यातलं बघत नव्हता. "बाजारातल्या प्रेसवर गेलतो. तो म्हणाला, अरे तुझ्या वडिलांना जाऊन महिना झाला न्हाई, घाई कसली? आता त्याला सगळं सांगत बसू? आन् सांगताना रडू आलं तर गिऱ्हाइकं बगनार." त्यानं नाक पुसलं. "म्हणलं हितं जावं. हितं कुणाला काय सांगावं लागनार न्हाई."

शालननं पाण्याचा पेला आणून त्याच्यापुढं ठेवला. ह्या वेळी तो प्याला.

मग आम्ही मजकूर लिहायला बसलो. कुलदैवत, मुहूर्त, स्थळ. वधूच्या वडिलांचं नाव आलं तेव्हा माझा पेन थांबला. भगवाननं ते बघितलं आणि म्हणाला, "कैलासवासी लिवा. खरं हाय ते. लपवून काय करायचं?" मग खाली मान घालून, "माझ्या पोरीचं नाव पन टाका. आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं, असं असतंय न्हवं? नानांना ते लई आवडायचं. दुसऱ्यांच्या पत्रिकेत वाचून दाखवायचे."

मी टाकलं. फ्रेम घाईघाईनं टेकवली, म्हणून पहिल्या चार पत्रिकांवर गणपतीची सोंड दोनदा उमटली. त्या फाडल्या. बाकीच्या दोरीवर वाळत घातल्या तेव्हा गोदाक्का बघायला आली. तिला वाचता येत नव्हतं. शालननं सगळी पत्रिका तिला वाचून दाखवली, अगदी 'आपले नम्र' पर्यंत. अक्का ऐकत उभी राहिली आणि मग पेले घासायला गेली.

दोन दिवसांनी भगवान गठ्ठा न्यायला आला. हळदकुंकू बरोबर आणलं होतं. पहिली पत्रिका काढली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. मला वाटलं, ही गणपतीच्या देवळात जाणार. तो पायरी उतरला, दगडापाशी उकिडवा बसला आणि ती पत्रिका दगडावर ठेवली. वारा होता, म्हणून वर एक खडा ठेवला. हात जोडले.

"नाना, सोळा तारखेला," एवढंच म्हणाला. मग गठ्ठा सायकलला लावला आणि गेला.

समोर शंकर एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून उभा होता. तो आणि ते अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक, दोघंही आमच्या दगडाकडे बघत होते. भाजीवाली थांबली होती. त्या दगडावर गावानं लग्नाची पत्रिका पहिल्यांदा बघितली. पुढं ती रीतच पडली, आणि तिच्यावर आमची तीस वर्षं निघाली. पण ते पुढचं. त्या दिवशी मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दारात उभा राहून रडत होतो, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

शालन आतून मुलीला घेऊन आली.

"अण्णांना कार्ड टाका," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"तुळशीच्या लग्नाला या म्हणावं. न्यायला नको. जेवायला."